क्विल्ट, गोधड्या आणि शिवलेल्या भेटी: कुणाला काय द्यावं?

रिकामी_बॉबिन
नमस्कार मंडळी, धागा काढू की नको करत बरेच दिवस गेले, शेवटी काढतेच. घरात शिवणयंत्र आहे, सरळ टीप नीट येते, अभ्रे, पिशव्या, पडदे वगैरे शिवून झालंय. आता डोक्यात असं घेतलंय की जवळच्या लोकांना विकतचं काही देण्यापेक्षा स्वतः शिवलेलं क्विल्टिंगचं काहीतरी द्यायचं. यादी अशी आहे: बहिणीला बाळ होणारे, एक मैत्रीण नव्या घरात राहायला जातेय, मावशी हल्ली बराच वेळ व्हीलचेअरवर असते, आणि एका मित्राचे वडील गेले, त्यांचे शर्ट त्याने माझ्याकडे आणून दिलेत की 'याचं काहीतरी कर'. हे ऐकून चुलतभावाने थेट डबलबेडच्या क्विल्टची ऑर्डरच सोडली, वर म्हणतो कापड मी आणतो!
सुरुवात कुठून करू? व्हिडिओ बघायला जावं तर जो तो पलंगभर क्विल्ट घेऊन बसलेला. अनुभवी लोकांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

चिंधी_साठवक
वाचनखूण साठवली. माझ्याकडे दोन खोकी भरून तुकडे आहेत आणि शिवून झालेलं शून्य, त्यामुळे मी फक्त वाचणार.

उरेब_पट्टी
सगळ्यात आधी ते डबलबेडचं प्रकरण बाजूला ठेव. हिशोब करून बघ, ८८ बाय ८८ इंचाचं क्विल्ट धरलं आणि शिवून झाल्यावर ४ इंच भरतील असे चौकोन धरले तर २२ गुणिले २२, म्हणजे ४८४ तुकडे. तेच ४० बाय ४० ला १०० तुकड्यांत काम होतं. आणि तुकडे जोडणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग, खरी कुस्ती पुढे आहे. वरचा तुकड्यांचा थर, मधली बॅटिंग (म्हणजे उबेसाठीचं भरण) आणि खालचं अस्तर असे तिन्ही थर एकत्र धरून त्यावर टीपा मारायच्या असतात, आणि घरगुती मशीनला सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत साधारण ६-७ इंचच जागा असते. तेवढ्या खिंडीतून अर्ध्या क्विल्टची गुंडाळी पलीकडे सरकवायची, डावीकडचा भाग टेबलावरून खाली लोंबायला लागला की त्याच्या वजनाने कापड ओढलं जातं आणि टाके कुठे बारीक कुठे लांब पडतात. डाव्या हाताला दुसरं टेबल किंवा दोन खुर्च्या लावून ते वजन उचलून धरावं लागतं. पहिल्याच कामात हे करायला गेलेले लोक क्विल्टिंग सोडून देतात, असं माझं निरीक्षण आहे.
दुसरं म्हणजे माणूस बघून वस्तू ठरव, आपली शिवायची हौस बघून नको. कुठे वापरणार, कोण धुणार, कसं धुणार, एवढं कळलं की निम्मं डिझाइन आपोआप ठरतं. जिच्या घरी सगळे कपडे एकाच फेरीत मशीनमध्ये पडतात तिला हाताने भरतकाम केलेलं पांढरंशुभ्र क्विल्ट देणं म्हणजे भेट नाही, शिक्षा आहे.

धावदोरा
उरेब_पट्टी, बाकी सगळ्याशी सहमत पण मशीनची खिंड वगैरे अडचण हाताने शिवणाऱ्याला येतच नाही हेही लिहा की! मी सगळं हातानेच करते. गोल रिंगमध्ये तिन्ही थर थोडे सैलच बसवायचे (भरतकामासारखे ताणून नाही, ताणले तर सुई खालीवर डुलवता येत नाही), क्विल्टिंगसाठीची आखूड सुई घ्यायची, सुरुवातीला ८ किंवा ९ नंबरची, नंबर वाढत जातो तशी सुई लहान होत जाते. मधल्या बोटात अंगुस्तान, आणि खालच्या हाताचं बोट सुईचं टोक लागतंय का बघायला तयार.
गाठ कुठेच दिसायला नको. दोऱ्याला बारीक गाठ मारायची, सुई वरच्या कापडातून थोडं लांबून आत घालून जिथे पहिला टाका हवाय तिथे बाहेर काढायची आणि दोरा हलकेच झटका देऊन ओढायचा. गाठ टप् करून वरच्या कापडातून आत जाते आणि बॅटिंगमध्ये अडकून बसते. हे पहिल्यांदा जमलं की माणूस हाताच्या शिलाईचा होऊन जातो.

सरळरेघ
हाताने सुंदरच होतं, पण धागाकर्तीची यादी चार जणांची आहे आणि बाळ काही थांबणार नाही. मशीनच बरं. वॉकिंग फूट (मशीनला लावायचा वेगळा पाय) मिळाला तर घ्या, तो वरचा थर खालच्या बरोबरीने पुढे सरकवतो त्यामुळे चुण्या पडत नाहीत. तुकडे जोडताना टाका २ ते २.५ मिमी, थरांवर टीप मारताना ३ किंवा थोडा जास्त. सुरुवात मधून, आणि बाहेर बाहेर जायचं.

धावदोरा
बाळ थांबणार नाही हे खरं. :)

रिकामी_बॉबिन
बाळाचा विषय निघालाच आहे तर, पाळण्यात टाकायला मऊसं, चांगलं भरपूर बॅटिंग घातलेलं क्विल्ट करावं म्हणतेय. साइज काय ठेवू?

नऊ_चौकोन
थांब थांब! एक वर्षाच्या आतलं बाळ झोपतं तिथे क्विल्ट, उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण काहीच ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या सूचनांतही हेच आहे. तोंडावर आलं तर तान्ह्या बाळाला ते बाजूला करता येत नाही. त्यामुळे पाळण्यासाठी नकोच.
पण जमिनीवर खेळायची चटई म्हणून क्विल्टसारखी वस्तू नाही. जागं असताना, कुणीतरी समोर बसलेलं असताना बाळाला त्यावर पालथं घालायचं. ४० बाय ४० पुरे. त्यासाठी बॅटिंग फुगीर नको, पातळ आणि घट्ट हवी, म्हणजे तोंड रुतत नाही आणि चटई गोळाही होत नाही. काळा-पांढरा किंवा एकदम गडद-फिका असा फरक असलेली कापडं घे, तान्ह्या बाळांना तेच आधी दिसतं. बटणं, मणी, रिबिनीची लांब टोकं अजिबात नकोत, ओढून तोंडात जातात. आणि बहिणीला देताना स्पष्ट सांग की ही खेळायची आहे, झोपायची नाही, नाहीतर कौतुकाने कुणीतरी पाळण्यात घालेलच.

उरेब_पट्टी
नऊ_चौकोन, +१. एवढं एक वाक्य लेबलवरच लिहून टाकावं.

थर_दर_थर
बॅटिंगवरून आठवलं, नवीन लोक इथेच अडकतात म्हणून जरा लांबण लावतो. (हो, मी पुरुष आहे आणि क्विल्ट शिवतो, मागच्या एका धाग्यावर यावर पुरेशी चर्चा झालेली आहे.)
सुती बॅटिंग सपाट बसते, हवा खेळती राहते, मशीनखाली घसरत नाही, पण वजनाला जड आणि पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आकसते. त्या आकसण्यानेच क्विल्टला ती जुन्या गोधडीची सुरकुती येते, काही लोकांना तीच हवी असते. पॉलिस्टर हलकी, फुगीर आणि पटकन वाळणारी, वारंवार धुणाऱ्या घरासाठी उत्तम, फक्त गरम भांड्याच्या जवळपास नको कारण वितळते. लोकर हलकी असून गरम आणि घडीची रेघ धरून ठेवत नाही, पण धुताना सांभाळावी लागते, म्हणून भेटीसाठी मी सहसा टाळतो. ८० टक्के सूत आणि २० टक्के पॉलिस्टर अशी मिश्र मिळते, काहीच ठरत नसेल तर ती घ्या.
पाकिटावर आणखी एक गोष्ट लिहिलेली असते आणि ती कुणी वाचत नाही: दोन टीपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल. कुठे ८ ते १० इंच असतं, कुठे २-३ इंचच. त्यापेक्षा लांब लांब टीपा मारल्या की काही धुण्यांत आतली बॅटिंग तुटून कोपऱ्यात गोळा होते. सुट्या कापसाला तर फारच जवळ जवळ टाके लागतात, आपल्या जुन्या गोधड्यांवर एवढे दाट धावदोरे उगाच नसायचे.
जुनं सुती ब्लँकेट किंवा फ्लॅनेलचा एकच थर घालूनही छान होतं, विशेषतः ज्यांना उबेपेक्षा अंगावर नुसतं काहीतरी हवं असतं त्यांच्यासाठी.

कच्चा_टाका
तिन्ही थर टाचायला काय वापरता? मला सेफ्टी पिनांचा कंटाळा येतो.

थर_दर_थर
पिनाच. अस्तर जमिनीवर टेपने चारी बाजूंनी चिकटवून घ्यायचं, ताठ पण ताणलेलं नाही, त्यावर बॅटिंग, त्यावर वरचा थर, आणि तळहात कुठेही ठेवला तरी एक पिन हाताखाली यावी इतक्या जवळ. अस्तर नि बॅटिंग चारी बाजूंनी २-३ इंच मोठी ठेवा, टीपा मारताना वरचा थर थोडा बाहेर सरकतोच. चिकटवायचा स्प्रे असतो, तो झटपट होतो पण खिडक्या उघड्या हव्यात आणि नंतर धुवावा लागतो.

लाल_दोरा
कापड आधी धुवायचं की नाही यावर एकदा काय ते फायनल सांगा. प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उरेब_पट्टी
धुवायचं. भेट द्यायची असेल तर नक्कीच. गडद लाल, नीळ, काळा, हे रंग पांढऱ्याशेजारी बसवलेत आणि तिकडे पहिल्याच धुण्यात गुलाबी झालं तर समोरचा माणूस तुम्हाला सांगणारही नाही, बिचारा वाटून घेईल की आपण चुकीचं धुतलं.

सरळरेघ
मी धुवत नाही. न धुतलेल्या कापडाला कांजी असते, कापायला आणि शिवायला सरळ जातं. शिवाय ५ इंची चौकोनांचे किंवा २.५ इंची पट्ट्यांचे जे तयार कापलेले गठ्ठे मिळतात ते धुतले तर कडा उसवून आकारच राहत नाही. मी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघते, फडक्याला रंग लागला तरच तेवढं कापड धुते.

उरेब_पट्टी
तयार गठ्ठ्यांचं मान्य. पण फडक्यावर न उतरणारा रंग कोमट पाण्यात साबणासकट उतरू शकतो. असो, यावर आपलं एकमत होणार नाही.

नऊ_चौकोन
दोघींचंही खरं करता येईल असं सांगू का, पूर्ण झालेलं क्विल्ट द्यायच्या आधी एकदा आपणच धुवायचं. गार पाणी, सौम्य साबण, सोबत रंग पकडणारे कागद टाकायचे. रंग जायचा असेल तर आपल्या डोळ्यांसमोर जातो, खुणांची पेनं, स्प्रे सगळं निघतं आणि कुठे शिलाई निसटली असेल तर तीही दिसते. रंग लागलाच तर वाळवायचं नाही, इस्त्री तर मुळीच नाही, ओलं असतानाच परत परत धुवायचं, एकदा वाळलं की तो डाग पक्का.
नवं कोरं कडक दिसणारं क्विल्टच भेट म्हणून शोभतं असं काहींना वाटतं. मला धुतलेलं आवडतं, हातात घेतल्यावर लगेच अंगावर ओढावंसं वाटतं.

कच्चा_टाका
खुणांच्या पेनाबद्दल एक. इस्त्री फिरवली की अदृश्य होणारी जी पेनं असतात, त्यांच्या रेघा कडाक्याच्या थंडीत परत उमटतात. म्हणजे तुम्ही स्वच्छ क्विल्ट पार्सल करता आणि तिकडे बर्फ पडणाऱ्या गावी ते रेघांसकट उघडतं. आणि पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाचं बरोब्बर उलटं, त्यावर आधी इस्त्री फिरली तर रेघ कायमची बसते. कुठलं पेन कुठलं ते लक्षात ठेवा. मी साबणाच्या चिपेवर आलेय, ती कशालाच दगा देत नाही.

चिंधी_साठवक
साबणाच्या चिपेला जोरदार अनुमोदन. निदान माझ्याकडे ती तरी आहे.

रिकामी_बॉबिन
केवढी माहिती! बाळाची चटई ठरली, ४० बाय ४०, १०० चौकोन. पण सरावाचे चार तुकडे जोडून बघितले तर कोपरे जुळतच नाहीत, प्रत्येक ओळीची लांबी वेगळी येतेय.

सरळरेघ
पाव इंच शिलाईची मार्जिन तपासा. १.५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून एकमेकींना जोडा आणि इस्त्री करा. एकूण रुंदी बरोबर ३.५ इंच आणि मधली पट्टी बरोबर १ इंच यायला हवी. कमी भरली तर तुमची मार्जिन जास्त जातेय. प्रत्येक शिलाईत दोन्ही बाजूंनी फक्त १/१६ इंच जास्त गेलं तरी एका जोडात १/८ इंच जातं, आणि १० चौकोनांच्या ओळीत ९ जोड असतात, म्हणजे ओळ एक इंचाहून जास्त आखूड. बघा, डोळ्यांना न दिसणारी चूक कुठे जाते. मशीनच्या पाट्यावर सुईपासून पाव इंचावर रंगीत टेपचे दोन-तीन थर चिकटवा, कापड त्या टेपला घासून जाऊ द्या.
आणि इस्त्री सरकवू नका, उचला आणि ठेवा. सरकवली की चौकोनाचा पतंग होतो. पहिल्या ओळीच्या शिलाया सगळ्या उजवीकडे दाबा, दुसरीच्या डावीकडे. ओळी एकमेकींवर ठेवल्या की त्या शिलाया एकमेकींत बसतात, बोटाला खाच लागते, पिन नसली तरी कोपरा जुळतो.

रिकामी_बॉबिन
सरळरेघताई, ३.५ च्या जागी सव्वातीन येतंय. कळलं. टेप लावते.

पाचवा_खिसा
मावशींसाठी लिहिते. व्हीलचेअरवर मांडीवर घ्यायचं क्विल्ट नेहमीच्या मापाचं करू नका. रुंदी ३६ इंचांच्या आत ठेवा नाहीतर कडा चाकात जाते, ते धोक्याचं आहे. लांबी ४०-४५, पायांवरून खाली जमिनीला लागता कामा नये. झालर, गोंडे काही नको. अस्तर फ्लॅनेलचं करा, सॅटिनसारखं गुळगुळीत केलं तर मांडीवरून सारखं घसरतं आणि वाकून उचलणं हाच तर त्यांचा प्रॉब्लेम असतो. वर, हात सहज पोचेल तिथे एक मोठा खिसा, त्यात चष्मा, रुमाल, फोन. खिसा नुसता वरच्या कापडाला न शिवता तिन्ही थरांतून शिवा म्हणजे फोनच्या वजनाने लोंबत नाही. आणि हलकं करा. वयस्कर माणसांना जड पांघरूण नको असतं, सांगत नाहीत एवढंच.
ज्यांना विस्मरणाचा आजार आहे आणि हात सतत काहीतरी चाळवत असतात त्यांच्यासाठी असंच छोटं मांडीवरचं क्विल्ट करून त्यावर चेन, वेलक्रो, मोठं बटण, मखमल, कॉर्डरॉय अशा हाताला वेगवेगळ्या लागणाऱ्या गोष्टी लावतात. तिथे मात्र प्रत्येक गोष्ट ओढून बघून पक्की शिवायची, सुटून तोंडात जाईल असं काही ठेवायचं नाही.

धावदोरा
खिशाची आयडिया फारच भारी.

लाल_दोरा
नव्या घरवाल्या मैत्रिणीला टेबल रनर दे! टेबलाची लांबी अधिक दोन्ही टोकांना सहा-सहा इंच, रुंदी १२ ते १४. दोन्ही बाजूंना वेगळी रंगसंगती केली की एकात दोन होतात. सोबत गरम भांडी धरायचे दोन चौकोन.

थर_दर_थर
गरम भांड्यांच्या चौकोनांत सुती बॅटिंगचे दोन थर, किंवा एक सुती आणि एक उष्णतारोधक चकचकीत बॅटिंग. वरचं कापड, दोरा, सगळं सुती. त्या चकचकीत बॅटिंगचं काहीही मायक्रोवेव्हमध्ये जाऊ द्यायचं नाही, त्यात धातूचा अंश असतो. वाटी ठेवायचे ते खोलगट कोझी करतात ना मायक्रोवेव्हसाठी, त्यात तर शंभर टक्के सूतच हवं, दोऱ्यासकट, आणि तरीही रिकामे किंवा फार वेळ तापवले तर पेटू शकतात. मी स्वतः ते भेट म्हणून देत नाही. देणारा माहीतगार असतो, वापरणारा नसतो.

नऊ_चौकोन
रनर देताना तिचं टेबल गोल आहे की चौकोनी एवढं तरी विचारा. सरप्राइजच्या नादात नको ती वस्तू गळ्यात मारण्यापेक्षा सरळ विचारलेलं बरं, फोटो मागवा, पडद्यांचा रंग बघा.

लाल_दोरा
विचारलं की मजा जाते पण!

नऊ_चौकोन
मजा आपली जाते, तिची नाही.

जुना_सदरा
शर्टांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. मी बरीच आठवणींची क्विल्ट केली आहेत, ओळखीच्यांसाठी, त्यामुळे थोडं मोठं लिहितोय.
कात्री लावण्याआधी त्या मित्राला दोन गोष्टी विचारा. घरात आणखी कुणाला हे शर्ट हवेत का, आईला विचारलंय का? कापल्यावर परत येत नाही. आणि एक शर्ट, जो सगळ्यात जास्त त्यांचा वाटतो तो, न कापता बाजूला ठेवायला सांगा. बरेच लोक आधी नको म्हणतात आणि नंतर तोच मागतात.
शर्टाची पाठ हा सगळ्यात मोठा सलग तुकडा, मग पुढचे दोन भाग, मग बाह्या. शिलाया उसवत बसू नका, शिलाईच्या शेजारून कापा. खिसा असेल तर खिशासकट चौकोन कापा, तो रिकामा खिसा क्विल्टवर फार बोलतो, आणि नातवंडं त्यात काहीतरी ठेवतातच. कॉलरजवळ, कोपरांवर कापड झिजलेलं असतं, उजेडासमोर धरलं की दिसतं. तिथे मागून पातळ चिकटणारं इंटरफेसिंग (कापडाला आधार देणारा थर) इस्त्रीने लावा नाहीतर ते आधी फाटेल. टी-शर्ट असतील तर प्रत्येकालाच लागेल, ते ताणतात. आधी ढोबळ कापायचं, इंटरफेसिंग लावायचं, मग मापात कापायचं, आणि छापील चित्रावर थेट इस्त्री ठेवायची नाही.
शर्ट कमी असतील तर क्विल्टचा हट्ट नको. उशीचा अभ्रा करा, मागच्या बाजूला शर्टाची बटणपट्टी तशीच ठेवून. बटणं उघडून उशी आत घालायची, वेगळी चेन लावायलाच नको. मी बघितलंय, क्विल्ट कपाटात जातं आणि ही उशी सोफ्यावर रोज असते.
धुताना सुगंधी साबण नको, आणि काही जण तर धुवूच नका म्हणतात, वास जाईल म्हणून. तो निर्णय त्यांचा.
एक सांगावंसं वाटतं. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांचंच क्विल्ट शिवलं, आठवण म्हणून अंगावर घेता यावं यासाठी. त्या वस्तीतल्या बायकांच्या क्विल्टचं २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात प्रदर्शन झालं तेव्हा लोक ती चित्रांसारखी भिंतीवर लावलेली बघत होते. पण शिवली होती पांघरायला. म्हणून मित्राचे शर्ट फिकट, विटलेले असतील तर ते लपवायला नवं भारी कापड मध्ये मध्ये घालू नका. एखादाच साधा रंग जोडीला पुरे.

रिकामी_बॉबिन
जुना_सदरा, काय लिहू कळत नाहीये. त्याच्या आईला विचारलं नव्हतं. आजच विचारायला सांगते. आणि अभ्राच करते बहुतेक, शर्ट चारच आहेत.

पाचवा_खिसा
फार छान प्रतिसाद, जुना_सदरा.

मध्यान्ह_सुई
आम्ही सहा-सात मैत्रिणी मिळून एकीला निरोपाचं क्विल्ट करतोय, प्रत्येकीने एक ब्लॉक (क्विल्टचा एक शिवलेला चौकोन) पाठवायचा. १२.५ इंचाचा सांगितला होता, आलेत १२ पासून १३ पर्यंत सगळे. आता?

सरळरेघ
मोठे कापायचे नाहीत, कडेची टोकं कापली जातात. सगळ्याच ब्लॉकना चारी बाजूंनी एकाच रंगाची दीड-दोन इंची पट्टी लावा आणि मग सगळे एका मापात छाटा, समजा १५ इंच. पट्टी कुठे अर्धा इंच जाड कुठे बारीक दिसेल, कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या वेळी मुद्दाम मोठे मागवा आणि तुम्ही छाटा.

जुना_सदरा
आणि सह्या घ्या सगळ्यांच्या. १८४० च्या दशकात अमेरिकेत सह्यांच्या क्विल्टची मोठी लाट होती, कुणी लांब राहायला निघालं की मैत्रिणी एकेक ब्लॉकवर नाव लिहून द्यायच्या. कापडावरचं पक्क्या शाईचं पेन घ्या, कडेपासून निदान अर्धा इंच आत लिहा नाहीतर नाव शिलाईत जातं, आणि लिहून झाल्यावर इस्त्री फिरवा म्हणजे शाई बसते.

आळशी_कात्री
सगळं वाचलं. चुलतभावाचं काय झालं? 'कापड मी आणतो' म्हणणाऱ्यांवर एक वेगळा धागा हवा.

धावदोरा
:D कापड त्याचं, पाठ आपली.

उरेब_पट्टी
नाही म्हणायला शिकावं लागतं आणि कारण देत बसलं की समोरचा प्रत्येक कारणावर तोडगा काढतो. वेळ नाही म्हटलं तर 'घाई नाही गं' येतं, मोठं मशीन नाही म्हटलं तर मशीन कुठे भाड्याने मिळतं ते शोधून देतात. त्यामुळे 'मोठी क्विल्ट मी करत नाही' एवढंच. फार वाटलं तर त्याला एक उशीचा अभ्रा दे. दिलेलं कसं वापरतो बघ, मग पुढचं.

आळशी_कात्री
दिलेलं कसं वापरतात ते बघायला गेलं की त्रासच आहे. माझ्या मैत्रिणीने हाताने शिवलेलं क्विल्ट तिच्या भावाकडे कुत्र्याच्या टोपलीत सापडलं.

नऊ_चौकोन
कुत्र्याला आवडलं म्हणायचं. मला तरी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं ठेवलेलं जास्त लागतं. 'खराब होईल म्हणून वापरत नाही' हे कौतुक म्हणून सांगतात! आणि प्लॅस्टिकमध्ये दमट धरून उलट बुरशी येते, सुती पिशवीत किंवा जुन्या अभ्र्यात ठेवावं, अधूनमधून घडी बदलावी नाहीतर त्याच रेघेवर कापड विरतं.

लाल_दोरा
मी नाही सहमत. कुत्र्याचं ऐकून मला झोप लागली नसती. त्यांना कळायला हवं यामागे किती काम आहे.

थर_दर_थर
कळायला हवं हे बरोबर, म्हणून लेबल लावावं. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात कापडाचा तुकडा, कुणी, कुणासाठी, साल, आणि कसं धुवायचं. 'वापरा आणि मशीनमध्ये धुवा' असं मी स्वच्छ लिहितो. त्यानंतर ते कुत्र्याला द्यायचं की पाहुण्यांना, ते त्यांचं. लेबलाच्या दोन कडा बाइंडिंगमध्ये (क्विल्टच्या कडेने शिवतात त्या पट्टीत) पकडल्या की निघत नाही.

रिकामी_बॉबिन
चुलतभावाला उरेब_पट्टींचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं. अंगठा आलाय उत्तरात, अर्थ कळला नाही. :)
चटईचा वरचा थर जोडून झाला! ओळी जुळल्या. टेपचा उपाय जादू आहे. आता तिरक्या टीपा मारून पुढे बाइंडिंग. किती पट्ट्या कापू आणि उरेबच (कापडावर तिरकी कापलेली) हवी का?

उरेब_पट्टी
कडा सरळ आहेत तर उरेब नको, आडव्या धाग्याची चालते. उरेब गोल कडांना. ४० बाय ४० चा घेर १६०, त्यात जोड आणि कोपऱ्यांसाठी १० इंच धर, १७०. तुझं कापड ४२ इंच पन्ह्याचं असेल तर २.५ इंच रुंदीच्या ५ पट्ट्या काप, म्हणजे १२.५ इंच कापड लागेल. पट्ट्या एकमेकींना तिरक्या जोड, सरळ जोडल्या तर त्या जागी गाठोडं होतं. मग लांबीत दुमडून इस्त्री कर. दुहेरी झाली की जास्त टिकते, कडाच आधी झिजतात.
कोपऱ्याला आलीस की कडेच्या पाव इंच अलीकडे थांब, टीप पक्की कर, कापड बाहेर काढ. पट्टी सरळ वर दुमड, ४५ अंशांची घडी पडेल, मग तीच पट्टी खाली आण, वरची घडी क्विल्टच्या वरच्या कडेशी एका रेषेत. आता नव्या बाजूला कडेपासून टीप सुरू. मागे वळवलीस की कोपरा आपोआप टोकदार बसतो. मागची बाजू हाताने शिव, दिसत नाही.

कच्चा_टाका
आणि टीप मारायच्या आधी पट्टी सगळ्या कडेने नुसती धरून बघ. पट्ट्यांचा जोड नेमका कोपऱ्यात येत असेल तर सुरुवात थोडी पुढे सरकव. सुरुवात कोपऱ्यातून करायची नाही, एका बाजूच्या मधून, आणि पहिले ८-१० इंच मोकळे सोडायचे, शेवटची दोन टोकं जोडायला.

रिकामी_बॉबिन
मोकळे सोडले तर दोन टोकं जोडताना पट्टी किती एकमेकींवर ठेवू?

कच्चा_टाका
पट्टीची जेवढी रुंदी तेवढीच. २.५ ची पट्टी, तर २.५ इंच एकावर एक, उरलेलं काप, काटकोनात ठेवून कर्णावर टीप. पीळ पडला नाही ना ते टीपेआधी पिन लावून बघ.